कापलेलं कडं

"हे कोणी लिहिलं?" ओर्नेल्लाने विचारलं.

टेबलावर फोमच्या गादीवर संगमरवराची पाटी आडवी ठेवली होती. अक्षरं कोरून झालेली, त्यांत काळा रंगही भरलेला. मोन्तेस्पिनाची नगरपालिका भूकंपापासून पत्र्याच्या कंटेनरमध्येच चालत होती, त्यामुळे पाटीच्या एका अंगाला कॉफीचं यंत्र होतं आणि दुसऱ्या अंगाला जन्ममृत्यूच्या नोंदी करणाऱ्या बाईची खुर्ची. बाईने मान खाली घालून टायपिंग सुरू ठेवलं होतं, पण तिचे कान इकडेच होते.

पाटीवर लिहिलं होतं: ‘निसर्गाच्या कोपाने कोसळलेले हे चॅपेल मानवी निर्धाराने पुन्हा उभे राहिले.’ त्याखाली बारीक अक्षरांत: ‘भूकंपात प्राण गमावलेल्या एलिदेच्या स्मरणार्थ.’

"समितीने लिहिलं," नगराध्यक्ष मिरको म्हणाला. अजून चाळिशीही न गाठलेला, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस. "छान आहे की. बिशपसाहेबांनाही आवडलं."

"खोटं आहे."

"कुठलं?"

"वरचंही आणि खालचंही."

"आर्किटेक्टबाई, भूकंप झाला होता. मी इथंच होतो. माझंही घर गेलं."

"झाला ना. चॅपेलच्या शेजारी योलेचा गोठा आहे. मातीत बसवलेले दगड आणि वर लाकडाचं छप्पर. त्याची चार कौलं घसरली, बास. निसर्गाचा कोप काय गोठा बघून वाट वाकडी करून गेला?"

टायपिंग थांबलं. मिरकोने कॉफीचा कप उचलला, त्यात काही नाही हे बघून परत ठेवला.

"पाटी कोरून झालीय," तो म्हणाला. "रविवारी उद्घाटन आहे. आता तुम्ही मला काय करायला सांगता?"

"ती लावू नका असं सांगते."

"समितीच्या अध्यक्षांनाच विचारा मग. मजकूर त्यांच्या सहीने आलाय."

समितीचे अध्यक्ष म्हणजे इंजिनियर तास्सोनी. ओर्नेल्लाने कोट उचलला. एकसष्टाव्या वर्षीही आपल्याला एवढं चिडायला होतं, याचा दारातून बाहेर पडताना तिला आणखी राग आला.

ते चॅपेल गावाच्या खालच्या वेशीबाहेर, खेचरांची जुनी वाट जिथं नदीकडे वळते त्या वळणावर होतं. आठ बाजूंचं, लहानसं, विटांच्या घुमटाचं. पाचशे वर्षांपूर्वीचं. कोणा बड्या कलावंताचं नाव त्याला चिकटलेलं नव्हतं, म्हणून पुस्तकांतून त्याच्या वाट्याला दोन ओळींपेक्षा जास्त कधी आलं नाही. पण ओर्नेल्ला फ्लॉरेन्सला वास्तुकला शिकायला गेली, आणि शेवटच्या वर्षी प्रबंधाला विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिने सरळ आपल्या गावचं हे चॅपेल निवडलं. प्राध्यापकांनी भुवया उंचावल्या. सगळे विद्यार्थी मोठमोठ्या कॅथीड्रलांच्या मागे लागलेले, आणि ही पोरगी डोंगरातल्या एका खोलीएवढ्या देवळाच्या मागे.

तो सगळा उन्हाळा तिने ते मोजण्यात घालवला. टेपचं दुसरं टोक धरायला एलिदे असायची. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या. एलिदे पुढे शिकली नाही. तिने ओरेस्तेशी लग्न केलं, ज्याचं बाजारात डुकराच्या मांसाचं आणि सॉसेजांचं दुकान होतं. चॅपेलची किल्ली ओरेस्तेच्या घरात पिढ्यान् पिढ्या होती. सासूकडून ती एलिदेकडे आली, आणि झाडणं, पुसणं, फुलं ठेवणं हे तिचं काम झालं.

"घट्ट धर ना," ओर्नेल्ला शिडीवरून ओरडायची.

"घट्टच धरलंय. भिंतच वाकडी आहे, मी काय करू?" एलिदे खालून म्हणायची.

भिंत खरोखरच वाकडी होती. नुसती वाकडी नाही, आतून पोकळही. बाहेरून एक दगडी थर, आतून एक, आणि मध्ये नुसता चुन्यात कालवलेला दगडगोट्यांचा भराव. असल्या भिंतींवर तो घुमट पाचशे वर्षं टिकलाच कसा, हे ओर्नेल्लाला कळेना. त्या भागात प्रत्येक पिढीने एक तरी मोठा भूकंप पाहिलेला. गावची वेस दोनदा पडली होती, मोठ्या चर्चचा मनोरा एकदा. हे मात्र उभं. बांधणारे गवंडी उत्तरेकडून, लोंबार्दीतून आले होते, हे तिने विटांच्या रचनेवरून आणि मापांवरून दाखवून दिलं. पण टिकण्याचं कारण तिला सापडलं नाही. ‘कारण कळत नाही’ असं तिने प्रबंधात प्रामाणिकपणे लिहिलं, आणि प्राध्यापकांनी त्याचेच गुण कापले.

पुढच्याच वर्षी आणखी एक भूकंप झाला. मध्यमसा. चॅपेलला एक चीर गेली. सरकारी मदत आली, आणि मदतीबरोबर तिशीतला इंजिनियर तास्सोनी आला. पांढरा शर्ट, दुमडलेल्या बाह्या, बोलण्यात जरब. घुमटावरचं लाकडी छप्पर काढायचं, भिंतींच्या डोक्यावर काँक्रीटचं कडं घालायचं आणि वर काँक्रीटचा स्लॅब ओतायचा, असं ठरलं. त्या काळी सगळीकडे असंच चाललं होतं. कायदाही तसाच होता.

पदवी हातात घेऊन नुकतीच परतलेली ओर्नेल्ला परांचीसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, या भिंती पोकळ आहेत, त्यांना एवढं ओझं पेलणार नाही. मला एकदा वर चढून बघू द्या.

"पोरी," तास्सोनी हसत म्हणाला, "लाकूड कुजतं. काँक्रीट आपल्या नातवंडांनाही पुरेल."

मजूर हसले. तिला वर चढू दिलं नाही. परांचीभोवती हिरवी जाळी बांधली होती, आतलं काही दिसत नव्हतं. स्लॅब ओतला गेला, उद्घाटन झालं, वर्तमानपत्रात फोटो आला.

त्यानंतर गावात जो कोणी नगराध्यक्ष झाला, त्याच्यापुढे ओर्नेल्ला हा विषय घेऊन बसली. स्लॅब उतरवा, लाकडाचं छप्पर परत घाला. प्रत्येकाने तिला कॉफी पाजली. चीर नाही, गळती नाही, मग चालत्या गाडीला खीळ कशाला, असं प्रत्येकाने आपापल्या शब्दांत सांगितलं. दरम्यान कायदा बदलला. इतर भूकंपांत असे स्लॅब जुन्या भिंती फोडून खाली आलेले सगळ्या देशाने पाहिले. विद्यापीठांत त्यावर व्याख्यानं झाली. मोन्तेस्पिनाचा स्लॅब जागच्या जागी राहिला. गावातली पोरं मागून तिला ‘स्लॅबबाई’ म्हणायची, हे तिला माहीत होतं.

एलिदेलाही तिने सांगितलं होतं. एकदा नाही, अनेकदा.

"आत फार वेळ थांबत जाऊ नकोस," ती म्हणायची.

"मग झाडू बाहेरून मारू?"

"मी थट्टा करत नाही, एलिदे."

"अगं, इंजिनियरसाहेबांनी सही केलीय ना? ते काय वेडे आहेत?" एलिदे म्हणायची. तिच्या आवाजात उपहास नसायचा. शिकलेल्या माणसाने सही केली म्हणजे नीट बघूनच केली असणार, असं तिला मनापासून वाटायचं.

स्लॅबला तीस वर्षं होत आली होती, त्या साली ऑक्टोबर सरताना, मृतांच्या सणाच्या आधी, एलिदे सकाळी शेवंतीची फुलं घेऊन चॅपेलमध्ये गेली. त्याच वेळी जमीन हलली. भिंती बाहेरच्या बाजूला फुटल्या, आणि स्लॅब एखाद्या डब्याच्या झाकणासारखा, अख्खाच्या अख्खा, सपाट खाली आला. तो इतका शाबूत होता की त्याखालून एलिदेला काढायला क्रेन यावी लागली, आणि रस्ते खचलेले असल्यामुळे क्रेन दुसऱ्या दिवशी आली. ओरेस्ते तोवर त्या झाकणाच्या कडेला बसून होता.

पुन्हा उभारणीचं काम ओर्नेल्लाने मागून घेतलं. कोणाला नको होतं, म्हणून ते तिला मिळालं. पहिली दोन वर्षं तर नुसता ढिगारा निवडण्यात गेली. दगड वेगळे, विटा वेगळ्या, रंगाचे पोपडे असलेले तुकडे ट्रेमध्ये. योले, गोठ्याची मालकीण, रोज सकाळी बकऱ्या सोडल्यावर कुंपणाशी येऊन उभी राहायची. सत्तरीची, सडसडीत, तोंडाने तिखट.

"डाळ निवडतेस का काय?" ती विचारायची.

"तसंच."

"निवड बाई. शिजवणार कधी?"

अशाच एका सकाळी भरावाच्या दगडगोट्यांत ओर्नेल्लाला लाकूड सापडलं. चेस्टनटचा जाड वासा, मांडीएवढा, पाचशे वर्षं चुन्यात राहून दगडासारखा झालेला. मग दुसरा. मग आणखी. ते भिंतीच्या आत होते, दोन थरांच्या मध्ये, भरावात पुरलेले. कोपऱ्याकोपऱ्यांत एकमेकांत खाचा करून, लोखंडी खिळ्यांनी जोडलेले. तिने ते गवतावर क्रमाने मांडले आणि पुन्हा एकदा मोजले. आठ बाजूंना आठ वासे. घुमटाच्या बुडाशी, भिंतीच्या आत, लाकडाचं एक बंद कडं. पिंपाला पट्टा असतो तसं. जमीन हलली की भिंती बाहेर फाकू नयेत म्हणून.

उत्तरेकडून आलेल्या त्या गवंड्यांनी कोणाला तरी विचारलं असणार, तुमच्याकडे जमीन हलते का म्हणून. आणि ‘हो’ म्हटल्यावर घुमट रचण्याआधी त्याचा बंदोबस्त केला होता. तिच्या प्रबंधातल्या ‘कारण कळत नाही’चं उत्तर समोर गवतावर पडलं होतं.

मग तिने वाशांची टोकं पाहिली. काही वासे भूकंपात पिळवटून तुटलेले होते, त्यांची टोकं झाडूसारखी फुटलेली. पण पाच वासे तसे नव्हते. त्यांची टोकं सरळ होती. गुळगुळीत. यंत्राच्या करवतीने कापलेली. आणि त्या कापलेल्या तोंडांवर सिमेंटचे ओघळ वाळून घट्ट बसले होते. म्हणजे आधी कापलं, मग ओतलं. काँक्रीटच्या कड्याला जागा हवी होती. मध्ये लाकूड येत होतं.

योले कुंपणावरून आत आली. तिने वाकून ते टोक पाहिलं, बोट फिरवलं.

"हे कोणी कापलं?"

ओर्नेल्लाने टोकावरचा सिमेंटचा ओघळ नखाने खरवडला.

"रडतेयस का चिडलीयस?" योलेने विचारलं.

"मला पण कळत नाहीये," ओर्नेल्ला म्हणाली.

तिने सगळं समितीला कळवलं, छायाचित्रांसकट. उत्तर आलं: नोंद घेतली. खाली समितीच्या नव्या अध्यक्षांची सही होती. सगळ्या भूकंपग्रस्त भागातल्या पडलेल्या देवळांवर देखरेख करायला सरकारला अनुभवी माणूस हवा होता. इंजिनियर तास्सोनींपेक्षा अनुभवी कोण होतं? जी देवळं पडली, त्यांतल्या कित्येकांवरचे स्लॅब त्यांनीच तर घातले होते.

ओर्नेल्ला पोचली तेव्हा तास्सोनी बागेत लिंबाच्या कुंड्या उन्हात काढत होते. पंचाहत्तरीचे, अजूनही ताठ. त्यांनी तिला वेताच्या खुर्चीत बसवलं, बायकोला हाक मारून कॉफी सांगितली.

"पाटीबद्दल आलात ना? मिरकोचा फोन आला होता."

"शब्द बदला," ओर्नेल्ला म्हणाली. "तुमचं नाव नको आहे मला. कोणाचंच नको. फक्त स्लॅब हा एक शब्द हवा. आणि एलिदे भूकंपात गेली असं लिहू नका."

"पिएर्सान्तीबाई," ते तिला आडनावाने हाक मारत म्हणाले, "त्या वेळी कायदाच तसा होता. सगळेच तसं करत होते. तुम्ही तेव्हा लहान होतात."

"त्या वेळी कायदा होता, मान्य. आणि नंतर? कायदा बदलला, लोक मेले, तुम्ही स्वतः परिषदांना गेलात. त्या तीस वर्षांत एकदा तरी म्हणालात का, की माझे स्लॅब उतरवा?"

"कोणी विचारलं नाही."

"मी विचारत होते."

तास्सोनींनी आलेल्या कॉफीत साखर ढवळली.

"वासे तुमच्यासमोर कापले?" तिने विचारलं.

"किडलेले होते."

"नव्हते. माझ्याकडे आहेत. आजही खिळा ठोकायला गेलं तर वाकतो."

"कापले नसते तर कडं बसलं नसतं," ते म्हणाले. एवढंच. एखाद्या विद्यार्थ्याला गणितातली पायरी समजावून सांगावी तसं, कसलीही लाज न वाटता. तिला वाटलं होतं, हा माणूस खोटं बोलेल, निदान ओशाळेल. त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

तिची नजर त्यांच्या घराकडे गेली. भूकंपानंतर त्यांनीही घर नव्याने बांधलं होतं.

"तुमच्या घराचं छप्पर कशाचं आहे?"

"लाकडाचं," तास्सोनी म्हणाले. "हल्लीचा नियम तसा आहे." मग उठत म्हणाले, "रविवारी तुम्हीही दोन शब्द बोला. कामाबद्दल. काम उत्तम झालंय, मी तसं लिहिलंही आहे. आणि अजून तीन चर्चेस तुमच्या नावाने समितीकडे आहेत, ती माझ्या लक्षात आहेत."

आवाज अगदी मायेचा होता. कॉफी तशीच टाकून ती निघाली.

ओरेस्तेचं दुकान आता लाकडी तात्पुरत्या गाळ्यांच्या रांगेत होतं. गिऱ्हाईक नव्हतं. तो फळीवर पावाच्या चकत्या कापून त्यांवर लोण्यासारखं मऊ सॉसेज पसरत होता, स्वतःच्या जेवणासाठी. त्याने न विचारता दोन चकत्या तिच्यापुढे सरकवल्या आणि बडीशेपेच्या दारूचा छोटा पेला भरला.

तिने पाटीचं सांगितलं, वाशांचं सांगितलं, तास्सोनींकडे काय झालं तेही सांगितलं. ओरेस्ते उभ्याने खात ऐकत होता.

"मी रविवारी बोलणार आहे," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

"काय?"

"जे झालं ते."

"बिशप, बँड, शाळेची पोरं, सगळे असताना?"

"हो."

ओरेस्तेने सुरी पुसली. "सात वर्षं तू विटा उचलतेयस. मी बघतोय. तुझ्याएवढं कोणी केलं नाही, हे मी देवापुढेही सांगेन. पण एक ऐक. माझ्या बायकोचं नाव भांडणात नको."

"मी भांडायला..."

"भांडणच ते. तू बोलणार, तो उत्तर देणार, पेपरवाले येणार. कोणी म्हणेल ती आत कशाला गेली होती. कोणी म्हणेल नवऱ्याला काहीतरी पाहिजे असेल." त्याचा आवाज चढला नाही. "लोकांच्या तोंडाला लागायची बाई नव्हती ती. तुला छपराबद्दल बोलायचंय, बोल. तिचं नाव घ्यायचं नाही."

ओर्नेल्लाला खूप काही बोलायचं होतं. की नाव घेतलं नाही तर मग हे सगळं कशासाठी. की पाटीवर तिचंच नाव घालून खोटं लिहिलंय, ते चालतं का तुला. पण क्रेन येईपर्यंत स्लॅबच्या कडेला बसून राहिला होता तो हा माणूस होता, ती नव्हे.

"नाही घेणार," ती म्हणाली.

"शब्द?"

"शब्द."

तेव्हा कुठे तो स्टुलावर बसला. "खा," म्हणाला. "सकाळपासून काही खाल्लं नसशील."

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. चॅपेलपुढच्या गवतावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मिरकोने नगराध्यक्षपदाचा तिरंगी पट्टा खांद्यावरून घेतला होता. दाराच्या उजव्या हाताला पाटी बसवून झाली होती, वर निळा पडदा. पडद्याची दोरी ओढायचा मान ओरेस्तेला होता. तो काळा सूट घालून पहिल्या रांगेत बसला होता, तास्सोनींपासून दोन खुर्च्या सोडून. कोणी मुद्दाम तसं बसवलं नव्हतं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, एवढंच.

बिशप बोलले. मिरको बोलला. तास्सोनी बोलले, निसर्गापुढे माणूस किती लहान आहे याबद्दल. मग मिरकोने ओर्नेल्लाच्या हाती माइक दिला आणि हळूच म्हणाला, "दोनच मिनिटं हं, बाई."

"मला दोन मिनिटं आहेत," ओर्नेल्ला म्हणाली, "म्हणून फक्त छपराबद्दल सांगते."

तिने मागे वळून चॅपेलकडे हात केला.

"ज्यांनी हे बांधलं त्यांना माहीत होतं की इथली जमीन हलते. म्हणून त्यांनी भिंतीच्या आत चेस्टनटच्या लाकडाचं कडं घातलं. ते कोणाला दिसत नव्हतं, पण त्याने हा घुमट पाचशे वर्षं धरून ठेवला. आमच्या तरुणपणी ते कडं करवतीने कापलं गेलं, आणि त्या जागी काँक्रीट ओतलं गेलं. वर काँक्रीटचा स्लॅब घातला गेला. या भिंतींना ते ओझं पेलणार नव्हतं. हे तेव्हाही सांगितलं होतं, नंतरही सांगितलं, दर वेळी सांगितलं. भूकंप आला तेव्हा भिंती फुटल्या आणि स्लॅब खाली आला. कडं शाबूत असतं तर चिरा पडल्या असत्या. कौलं पडली असती. आम्ही आता तसंच कडं पुन्हा घातलं आहे, वर लाकडाचं छप्पर आहे. पण हे निसर्गाने पाडलं, असं कोणी म्हणू नये. निसर्गाचा हिशेब त्या गवंड्यांनी आधीच केला होता."

ती थांबली. टाळ्या नव्हत्या. शाळेची पोरं शिक्षिकेकडे बघत होती, टाळ्या वाजवायच्या की नाही म्हणून. तास्सोनी समोर सरळ बघत होते. मिरको माइक घ्यायला पुढे आला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. मोठा नव्हता.

"आणि खाली कोण होतं?"

ओरेस्ते उभा राहिला होता. टोपी हातात.

ओर्नेल्लाने त्याच्याकडे पाहिलं.

"ओरेस्ते," ती माइकपासून बाजूला होत म्हणाली, "तू म्हणाला होतास..."

"म्हणालो होतो. आता म्हणतो, सांग." त्याने टोपी खुर्चीवर ठेवली. "छपराचं सगळं सांगितलंस. खाली कोण होतं ते राहिलं. राहू देऊ नकोस."

"खाली एलिदे होती," ओर्नेल्ला म्हणाली. "फुलं ठेवायला आली होती."

मग काय झालं? काही झालं नाही. मिरकोने हात वर केला आणि बँड सुरू झाला. दोरी ओढायची वेळ आली तेव्हा ओरेस्ते पाटीकडे न जाता सरळ दारातून आत गेला, म्हणून मिरकोने स्वतःच दोरी ओढली. बिशपांनी पाटीवर पवित्र पाणी शिंपडलं. तास्सोनींना स्मृतिचिन्ह मिळालं, त्यांनी ते दोन्ही हातांनी स्वीकारलं. फोटो निघाले. ओर्नेल्ला खुर्च्यांच्या मागे उभी होती, आणि तिच्याशी बोलायला येणारे लोक वाटेतच कोणी तरी भेटल्यासारखं करून वळत होते. फक्त योले आली, तिने ओर्नेल्लाच्या कोटाच्या बाहीवरचा चुना झटकला आणि बकऱ्यांकडे गेली.

समितीने ती तीन चर्चेस दुसऱ्या लोकांना दिली. नव्या पिढीला वाव मिळावा म्हणून, असं कळवलं. आपल्याला हे माहीतच होतं, असं ओर्नेल्ला स्वतःला सांगत राहिली. तरी त्यांतल्या एका चर्चच्या छताखालून तिने वर्षभर मापं घेतली होती, आणि त्या रस्त्याने गाडी नेणं तिने बंद केलं. पाटी जिथं होती तिथं राहिली. प्रकरण इतकं जुनं की न्यायालयातही कोणी हात लावला नाही. तास्सोनी वर्षअखेरीला मानाने निवृत्त झाले.

कामं मिळत होती, पण लहान. पुढच्या शरदात मोन्तेस्पिनाच्या वरच्या अंगाला एका चीजवाल्याच्या मेंढवाड्याचं छप्पर दुरुस्त करायला ती आली होती. दुपारी जेवणाच्या वेळी ती ओरेस्तेच्या दुकानात शिरली. आत गर्दी होती. उत्तरेकडचं एक जोडपं, पाठीवर पिशव्या, पायांत डोंगरात चालायचे बूट, आणि काउंटरला टेकून उभी योले. ओरेस्ते हॅम कापत होता; त्याने ओर्नेल्लाकडे बघून मानेनेच ‘थांब’ म्हटलं.

"खालचं ते चॅपेल किती सुंदर आहे," पाहुणी म्हणत होती. "पाटी वाचून फार वाईट वाटलं. भूकंपात एक बाई गेल्या म्हणे."

"भूकंपात नाही," योले म्हणाली. "छपराखाली गेली."

"म्हणजे तेच ना?"

"तेच कसं? भूकंप आमच्याकडे येतच असतात. भिंतीच्या आत लाकडाचं कडं होतं, ते कापलं आणि वर काँक्रीट चढवलं. ते पडलं तिच्यावर."

पाहुणीने नवऱ्याकडे पाहिलं. "कोणी कापलं?" तिने विचारलं.

योलेने नाव सांगितलं. वाटसरूला रस्ता सांगावा तसं, सरळ, पूर्ण नाव, आडनावासकट.

ओरेस्तेची सुरी थबकली. मग त्याने उरलेल्या चकत्या कापल्या, एकावर एक नीट मांडल्या, कागदाच्या घड्या घातल्या आणि पुडकं पाहुणीच्या हातात दिलं.

"आज थंडी आहे," तो तिला म्हणाला. "खाली जाताय तर चॅपेलचं दार ढकलून आत जा. उघडंच असतं."